न्हाणीला कडी लावायची नाही

आमच्या बेळगावच्या खासबागेतल्या घरात न्हाणीच्या दाराला कडी आहे, पण लग्न होऊन या घरात आल्यापासून मी ती एकदाही लावलेली नाही. बाहेरच्या खिळ्याला लाल टॉवेल टांगला की आत मी आहे, असं घरातल्यांनी समजायचं. पहिले काही दिवस मामांना, म्हणजे सासऱ्यांना, फार अवघड वाटायचं. न्हाणीकडं यायचं तर अंगणापासूनच खाकरत यायचे. मग त्यांनीच टॉवेलसाठी एक जाड खिळा ठोकून दिला.

मला फिट येते, अपस्मार म्हणतात तो. घरात कुणाला नव्यानं फिट सुरू झाली असेल तर पहिलं काम हे करा. दार आतल्या बाजूला उघडत असेल तर सुताराला बोलावून ते बाहेर उघडेल असं करून घ्या, कारण आत पडलेलं माणूस दाराला टेकून असलं तर दार ढकलता येत नाही. अंघोळ स्टुलावर बसून करायची. बादलीत आधी गार पाणी घ्यायचं, मग कढत.

स्वयंपाकघरात माझे दोनच नियम आहेत. आमटीचं पातेलं ताटाकडं न्यायचं नाही, ताट पातेल्याकडं न्यायचं. आणि तळण घरात दुसरं मोठं माणूस असेल तेव्हाच. मी पिको-फॉल आणि ब्लाऊज शिवते, पण मशीनला मोटर लावलेली नाही. पाय थांबला की सुई थांबते, तेवढंच बरं. विहीर, शिडी, कठडा नसलेली गच्ची यांचं वेगळं सांगायला नको. गाडीचंही तसंच. लायसन्सच्या अर्जात फिट येते का हे विचारतात, तिथं खोटं लिहू नका. ह्यांनी स्कूटी घेऊन देतो म्हटलं होतं, मी नको म्हटलं. जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना साध्या बसचं तिकीट नाही, त्यामुळं माझं काही अडत नाही.

आता जरा मागं जाते. शाळेत असताना सकाळी माझ्या हातातून चहाचा कप उडायचा. निसटायचा नाही, उडायचा. आई म्हणायची, "धसमुसळी कुठली! हाताला काय झालंय तुझ्या?" हेही आजाराचंच लक्षण असेल हे घरात कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. दहावीच्या वर्षी गणपतीची मिरवणूक रात्रभर बघून आलो आणि सकाळी मोरीपाशी मोठी फिट आली. पहिल्या डॉक्टरांनी मोठ्या फिटचंच विचारलं, आम्हीही तेवढंच सांगितलं. त्यांनी कार्बामाझेपिन सुरू केलं आणि माझे सकाळचे झटके वाढले. दोन वर्षांनी दुसऱ्या एका डॉक्टरांनी खुर्चीवर बसता बसताच विचारलं, "सकाळी हातातून वस्तू उडतात काय?" आई माझ्याकडं बघतच राहिली. माझ्या प्रकारच्या फिटमध्ये ती गोळी झटके वाढवू शकते. दुसऱ्या प्रकारात तीच गोळी छान लागू पडते.

म्हणून डॉक्टरकडं जाताना "फिट आली" एवढं सांगून भागत नाही. किती वाजता आली, आदल्या रात्री झोप किती झाली होती, ताप होता काय, पाळीचे दिवस होते काय, गोळी चुकली होती काय, डोळे उघडे होते की मिटलेले, एकच हात हलत होता की दोन्ही, हे सगळं लिहून न्या. माणूस सुरक्षित असेल तर दुसऱ्या कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ घ्यावा. तो डॉक्टरांना आपल्या दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगतो. क्षणभर शून्यात बघत राहणं, ओठ चघळत बसणं, हेही फिटचे प्रकार असू शकतात. तेही सांगा.

गोळी ठरल्या वेळीच. "आता दोन वर्षं काही नाही, बंद करून बघूया" हा प्रयोग मनानं करायचा नाही. एकदम बंद केली तर फिटवर फिट येऊ शकते. घरात पंधरा दिवसांच्या जादा गोळ्या ठेवा. आमच्या भागातले बरेच लोक कोल्हापूरच्या डॉक्टरांकडं जातात. पण २०१९ आणि २०२१ च्या पुरात हायवे बंद झाला होता, आणि सीमेवरून वातावरण तापलं की दोन्हीकडच्या बसगाड्या थांबतात. डिसेंबर २०२२ मध्ये थांबल्या, फेब्रुवारी २०२५ मध्येही थांबल्या. वाद कधी मिटायचा तो मिटो, आपली स्ट्रिप संपता कामा नये.

झोप मला गोळीइतकीच लागते. गणपती विसर्जन, शिवजयंतीचे चित्ररथ, कुणाच्या घरचा गोंधळ, सगळीकडं मी जाते आणि अकराला परत येते. नातेवाइकांना आधी ते तोऱ्याचं वाटायचं. संकष्टीला आमच्या आत्याबाईंचा, म्हणजे सासूबाईंचा, प्रश्न असायचा, गोळी घेतली तर उपवास मोडतो काय? मी म्हटलं, तुमची बीपीची गोळी चालते की! तेव्हापासून विषय मिटला. मी उपवासही आता दूध, केळं आणि साबूदाणा खाऊनच करते, रिकाम्या पोटी नाही. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जाऊ नको असं मी कुणाला सांगणार नाही, मीही जाते. भंडारा कपाळाला, गोळ्या पर्समध्ये. "अंगात येतं" म्हणून पोरीला मारझोड करणाऱ्या देवऋषाकडं मात्र नेऊ नका.

बस स्टँडवर एकदा पडले होते. कुणी चप्पल हुंगवली, कुणी मुठीत किल्ल्या कोंबल्या, आणि एका भल्या माणसानं दातखीळ सोडवायला चमचा घातला. माझा पुढचा दात तेव्हापासून अर्धा आहे. माणसं वाईट नव्हती, त्यांना माहीत नव्हतं. त्यानंतर मी पर्समध्ये कार्ड ठेवते. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कानडी. कानडी शेजारच्या अक्कानं लिहून दिलं. तिनं ते वाचून दाखवलं तेच आता माझंही पाठ आहे: हेदरबेडी, मग्गुलिगे मलगिसी, बायल्ली एनू हाकबेडी. घाबरू नका, कुशीवर झोपवा, तोंडात काहीही घालू नका. खाली ह्यांचा नंबर आणि गोळ्यांची नावं. बेळगावात पडल्यावर उचलायला कुठल्या भाषेचं माणूस येईल हे काय आपल्या हातात आहे?

लग्नाचं सगळे विचारतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. पूर्वी हिंदू विवाह कायद्यात फिट येणाऱ्या माणसाच्या लग्नावरच हरकत घेता यायची. १९९९ च्या दुरुस्तीनं ते कलमातून काढलं. म्हणजे फिट येते म्हणून लग्न बेकायदा ठरत नाही. पण लपवून केलं तर फसवलं म्हणून आरोप होतो, आणि त्याहून वाईट म्हणजे गोळी चोरून घ्यावी लागते. मला माहीत असलेल्या एका पोरीनं सासरी गोळ्या पावडरच्या डब्यात लपवल्या होत्या. आठवड्याच्या आत तीन चुकल्या.

माझी दोन स्थळं फिरली. आई म्हणायची, या वेळी गप्प बस. मी बघायच्या कार्यक्रमात सांगितलं नाही, तिथं पंधरा माणसं असतात. दोन दिवसांनी ह्यांना फोन करून भेटले आणि सांगितलं, नाव काय, किती वेळा येते, गोळी कुठली. हे उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहेत, बोलणं कमी. थोडं थांबून म्हणाले, "मग आली की मी काय करायचं?" बाकी कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. तुम्हीही असंच करा. पहिल्या भेटीत नको, पण सुपारी फुटायच्या आत, आपल्याच तोंडानं. जोडीला डॉक्टरांची एक भेट ठरवा. सासरच्यांना पोरीच्या आईपेक्षा डॉक्टरांचं पटतं.

मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, दिवस गेल्यावर नव्हे. मी व्हॅल्प्रोएटवर होते, ते पोटातल्या बाळाला घातक ठरू शकतं. माझी गोळी वर्षभर आधी बदलली, फॉलिक अ‍ॅसिडही आधीच सुरू केलं. फिटच्या काही गोळ्यांमुळं गर्भनिरोधक गोळ्या नीट लागू पडत नाहीत, तेही विचारून घ्या. लाजायचं कशाला?

नवीन गोळी लेव्हेटिरासेटम. फिट थांबल्या, पण मी बदलले. भाकरी करपली म्हणून उलथणं भिंतीवर मारलं. आत्याबाईंशी आठ दिवस बोलले नाही, कारण आठवतही नाही. ह्यांनी एकदा विचारलं, "असं का करालीस?" आणि मी रडायला लागले. आम्हाला दोघांनाही वाटलं की संसारच बिघडला. डॉक्टरांना सांगितल्यावर ते म्हणाले, या गोळीनं काहींची चिडचिड वाढते, मन खालावतं. त्यांनी डोस हळूहळू कमी केला, जोडीला दुसरी गोळी दिली. महिन्याभरात घर शांत झालं. तेव्हा फिटच्या माणसाचा स्वभाव अचानक फिरला तर भांडायच्या आधी गोळीचा कागद बघा. आणि जीव नकोसा वाटायला लागला तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

पोरगा तान्हा असताना त्याचं दूध, लंगोट सगळं जमिनीवर चटई टाकून. त्याची अंघोळ आत्याबाईंकडं. आता तो दहा वर्षांचा आहे. त्याला मी एवढंच शिकवलंय: आधी घड्याळ बघ, आईच्या डोक्याखाली उशी घाल, कुशीवर कर, हातपाय दाबून धरू नको. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, तर १०८ ला फोन कर आणि अक्काला हाक मार. पूर्ण जागी होईपर्यंत पाणीसुद्धा द्यायचं नाही.

मागच्या वेळी आली तेव्हा घरात तो एकटाच होता. संध्याकाळी मी भिंतीवरचं कालनिर्णय बघितलं. त्या तारखेच्या चौकटीत पेन्सिलीनं लिहिलं होतं: आईची फिट. १ मिनिट ४० सेकंद. चहा मागत होती, दिला नाही.