दुसऱ्या प्रशिक्षकाच्या मैदानावरून शिकताना

सोलापुरात खो-खो, कबड्डी किंवा क्रिकेट शिकविणाऱ्या प्रशिक्षकाला स्वतःचे ज्ञान ताजे ठेवायचे असेल, तर महिन्यातून एकदा दुसऱ्याच्या मैदानावर, आधी परवानगी घेऊन, संपूर्ण सराव पाहावा. शिट्टी मात्र घरी ठेवावी; सूचना देण्याचा मोह हा आपल्या व्यवसायाचा जुनाच आजार आहे.

पाहताना एकच प्रश्न धरावा. खो-खोत आठ आक्रमक आलटून-पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि बचाव करणारे तिघांच्या तुकडीने उतरतात. अशा वेळी खो मिळाल्यापासून पहिले पाऊल पडेपर्यंत प्रशिक्षक काय दुरुस्त करतो, एवढेच वहीत टिपावे. सराव संपल्यावर 'हे असे का केले?' असे विचारावे, कारण नुसती कवायत उचलून आणली, तर ती कोणत्या वयाच्या व कोणत्या चुकीसाठी बेतली होती, हे हाती लागत नाही. नंतर ती आपल्या गटावर दोन आठवडे करून पाहावी आणि फसली तरी त्या सहकाऱ्याला मोकळेपणाने कळवावे.

खेळाची सीमा ओलांडण्यासही हरकत नसावी. कबड्डीतील चढाई ३० सेकंदांची असते. तेवढ्यात निर्णय घेण्याची सवय कशी लावतात, हे क्रिकेटच्या प्रशिक्षकालाही उपयोगी पडते. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा सरावाची वेळ, सावली आणि पाणी यांचे नियोजन एकमेकांना विचारूनच ठरवावे.

परतफेड म्हणून त्यांनाही आपल्या सरावाला बोलवावे, तेही नेमक्या आपल्या अडचणीच्या दिवशी.