एकटीनं कॅल्क्युलस शिकताना: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून

दहावीनंतर सायन्सला जायचं तर रोज तालुक्याला जावं लागणार होतं आणि एसटीची वेळ जुळत नव्हती. म्हणून मी आर्ट्स घेतलं, बी.ए. झाले. गणित मात्र डोक्यातून गेलं नाही. चोविसाव्या वर्षी, गावातल्या पोरांच्या शिकवण्या घेता घेता, मी ते पुन्हा हातात घेतलं. आज अडीच वर्षं झाली. ज्यांना घरी बसून, क्लासशिवाय कॅल्क्युलस (बदलाच्या वेगाचं गणित) आणि निर्देशक भूमिती (आकृत्या समीकरणांनी मांडणं) शिकायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

पहिली चूक सांगते. मी थेट बारावीचं पुस्तक उघडलं. लिमिट (किंमत कोणत्या संख्येच्या जवळ जवळ जाते ते), डेरिव्हेटिव्ह (वक्राचा एखाद्या ठिकाणचा चढ), सगळं वाचताना कळायचं आणि सोडवताना अडायचं. महिनाभरानं लक्षात आलं की अडतंय ते कॅल्क्युलसमध्ये अडतच नाही. अपूर्णांकांची बेरीज, घातांकाचे नियम, अवयव पाडणं, इथेच हात चुकतोय. मग सरळ नववीच्या पुस्तकापासून सुरुवात केली. बालभारतीची पुस्तकं मोबाईलवर फुकट उतरवून घेता येतात. आमच्याकडे रेंज घराच्या गच्चीवरच मिळते, म्हणून तालुक्याला गेले की सगळ्या पीडीएफ एकदम घेऊन यायचे. नववी-दहावीला पाच महिने गेले. ते पाच महिने कुणीही वाचवू नयेत.

मराठी माध्यमवाल्यांना पुढची भीती इंग्रजीची असते. पण दहावीत आपण ‘रेषेचा चढ’ शिकतो, तोच पुढचा स्लोप आणि सगळं डिफरन्सिएशन, म्हणजे डेरिव्हेटिव्ह काढणं, त्या चढावरच उभं आहे. मी वहीच्या शेवटी दोन रकाने केले होते: अन्वस्त म्हणजे पॅराबोला, अपास्त म्हणजे हायपरबोला, विकलन म्हणजे डिफरन्सिएशन, संकलन म्हणजे इंटिग्रेशन (त्याची उलट क्रिया). साठ-सत्तर शब्दांत काम भागतं.

निर्देशक भूमिती कॅल्क्युलसच्या आधी घ्या, आणि सूत्र पाठ करण्याआधी आकृती हातानं काढा. मी अंगणात सहा वीत अंतरावर दोन खुंट्या ठोकल्या. दहा वीत सुतळीची टोकं त्यांना बांधली, काडीनं सुतळी ताणून धरली आणि काडी फिरवत नेली. लंबवर्तुळ उमटलं, कारण काडी कुठेही असली तरी दोन्ही खुंट्यांपासूनच्या अंतरांची बेरीज दहाच राहते. मग वहीत तेच समीकरण मांडलं. दोन वर्गमुळं येतात, आणि दोन्ही एकाच बाजूला ठेवून वर्ग केला की नुसता गुंता होतो. एक वर्गमूळ पलीकडे न्यायचं, मग वर्ग करायचा, आणि उरलेल्या वर्गमुळासाठी पुन्हा एकदा. हे सुचायला मला दोन रात्री लागल्या. शेवटी निघालं: एक्सचा वर्ग भागिले २५, अधिक वायचा वर्ग भागिले १६, बरोबर १. म्हणजे आकृती दहा लांब, आठ रुंद असायला हवी. सकाळी अंगणात जाऊन मोजलं. उभ्या अंगानं आठ वीत भरलं! कागदावरचा १६ मातीत सापडला तेव्हा झालेला आनंद मला सांगता येत नाही.

लिमिटपाशी बहुतेक जण थांबतात, मीही थांबले. एक्सच्या वर्गाचा ३ या ठिकाणी चढ काढायचा. ३ आणि ३.१ मधला चढ ६.१ येतो, ३ आणि ३.०१ मधला ६.०१. ३ पासूनच्या या छोट्या अंतराला एच म्हटलं आणि बीजगणितानं केलं तर चढ येतो सहा अधिक एच. मग पुस्तक म्हणतं, एच शून्याकडे न्या, उत्तर ६. पण एच शून्य असेल तर त्यानं भागलंच कसं, आणि शून्य नसेल तर तो सोडला कसा? ही शंका आली म्हणजे आपण ढ आहोत असं समजू नका. कॅल्क्युलस शोधणाऱ्यांपैकी एक असलेल्या लायब्निझचा त्यावरचा पहिला लेख १६८४ चा. १७३४ मध्ये तत्त्वज्ञ बर्कली यांनी हीच शंका जाहीरपणे विचारली, आणि फ्रेंच गणिती कोशीनं लिमिटच्या पायावर नीट मांडणी केली ती १८२१ मध्ये. माझ्यापुरतं उत्तर असं: एच शून्य करायचाच नाही. एच पुरेसा लहान घेतला तर चढ कोणत्या एका संख्येच्या हवा तितका जवळ राहतो, एवढंच विचारायचं. लिमिटची एप्सिलॉन-डेल्टावाली काटेकोर व्याख्या दुसऱ्या वाचनाला ठेवा.

एकट्यानं शिकताना खरा त्रास असतो चूक दाखवणारं कुणी नसण्याचा. साईनचं डेरिव्हेटिव्ह शून्यापाशी १ येतं असं पुस्तकात होतं, माझा कॅल्क्युलेटर ०.०१७४५ दाखवायचा. चार दिवस मी पुस्तकच चुकीचं धरलं होतं. मग तो आकडा १८० नं गुणून पाहिला, ३.१४१ आला. कॅल्क्युलेटर डिग्रीवर होता! रेडियन (कोन मोजायचं दुसरं माप, १८० अंश म्हणजे पाय रेडियन) का लागतं ते तेव्हा कळलं. तेव्हापासून प्रत्येक डेरिव्हेटिव्ह मी एच ०.००१ घेऊन आकड्यानं ताडून पाहते, आणि इंटिग्रेशनचं उत्तर पुन्हा डिफरन्शिएट करून मूळ फंक्शन परत येतं का ते बघते. उत्तरसूची त्यानंतर.

आता विहिरीबद्दल, कारण कॅल्क्युलस मला खरं कळलं ते तिथे. कार्तिकात हरभऱ्याला ओलित चालू होतं. दुपारी लाईन गेली, मोटर थांबली. मी सुतळीला दगड बांधून दर तासाला पाणी मोजलं. सकाळच्या पातळीपेक्षा पाणी किती खाली आहे, सेंटिमीटरमध्ये: २४०, १९१, १५५, १२२, ९९. पाणी चढण्याचा वेग कमी कमी होत होता, पण कोणत्या नियमानं ते दिसेना. बाबा धुऱ्यावर बसून बघत होते. म्हणाले, “विहीर खाली गेली का झऱ्याले जोर येते, अन् पानी वर आलं का तेच झरे मंद होतात. हे त सगळ्याइले ठाऊक हाय.”

मी आकडे भागून पाहिले. दर तासाला खोली आधीच्या सुमारे पाचातले चार हिस्से उरत होती. म्हणजे जितकं पाणी खाली, तितका चढण्याचा वेग. बाबांनी जे सांगितलं ते डिफरन्शियल इक्वेशन (बदलाचा वेग सांगणारं समीकरण) होतं, आणि त्याचं उत्तर ई (सुमारे २.७१८ ही संख्या) च्या ऋण घातात येतं. पहिल्या तासाचा सरासरी वेग तासाला ४९ सेंटिमीटर, पण मोटर थांबली त्या क्षणाचा वेग समीकरणातून साडेत्रेपन्नच्या आसपास निघाला. सरासरी वेग आणि क्षणाचा वेग यांतला फरक मी वर्षभर पुस्तकात वाचत होते. आमच्या विहिरीवर तो साडेचार सेंटिमीटर होता.

वेळेचं सांगायचं तर पहाटे साडेचार ते सहा, रोज. कापूस वेचणीत महिनाभर वही उघडत नाही, आणि परत बसताना मागची दहा पानं पुन्हा सोडवते, नुसती वाचत नाही. एका दिवशी आठ गणितं नीट झाली तर पुरे.

चैत्रात पाणी उतरल्यावर पुन्हा मोजायचं ठरलंय. मोटर किती तास चालवली तर विहीर रातभरात भरून येईल, ते बाबांना हवं आहे. उन्हाळ्यात पाचातले चार हेच प्रमाण टिकणार नाही असं ते म्हणतात. दगड बांधलेली सुतळी त्यांनी मोटरच्या खोलीत खिळ्याला अडकवून ठेवली आहे.