‘रँडम हार्वेस्ट’ बघायचा तर असा

आधी जेम्स हिल्टनची कादंबरी वाचा, मगच १९४२ चा सिनेमा लावा. पुस्तकात नायकाची सेक्रेटरी खरी कोण, हे शेवटापर्यंत कळत नाही. पडद्यावर चेहरा लपवता येत नाही, म्हणून तिथे मध्येच उलगडतं. मी आधी सिनेमा पाहिला आणि तो धक्का कायमचा हुकला.

सुरुवातीला, युद्धात स्मृती हरवलेला नायक साकारणाऱ्या रोनाल्ड कोलमनच्या अडखळत्या बोलण्याकडे नीट कान द्या. हा नट स्वतः १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या मेसीनच्या लढाईत जखमी झाला होता.

लिव्हरपूलच्या रस्त्यावर नायकाला अपघात होतो, त्याच्या आठवणीतली मधली तीन वर्षं पुसली जातात, खिशात उरते एक किल्ली. ती किल्ली विसरू नका. शेवटच्या दहा मिनिटांत चहा टाकायला उठू नका. तेव्हाच माझ्या आईनं माझा हात घट्ट धरला होता.