परदेशात कातकाम शिकवायला जायचंय? तयारी अशी करा

लेथवर (लाकूड गरगर फिरवून हत्याराने आकार द्यायचं यंत्र) लाकूड कातणाऱ्या माणसाला परदेशात काम मिळतं का, हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. मिळतं, आणि चांगलं मिळतं. अमेरिकेत १९८६ पासून अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स आहे, तिचे ठिकठिकाणी स्थानिक क्लब आहेत, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्येही तसेच क्लब आहेत, मेंबर बरेचसे रिटायर झालेले हौशी लोक आणि त्यांच्या गॅरेजमधला लेथ बघून आपला जीव जळतो. हे लोक नियमित जमतात, बाहेरून कुणाला तरी डेमोसाठी बोलावतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडूनच मोजक्या लोकांचा हातात हत्यार देऊन क्लास घेतात. फिरत्या काताऱ्याचं पोट यावर चालतं.

एका क्लबला विमानाचं तिकीट परवडत नाही हे आधी लक्षात घ्या. म्हणून पहिला क्लब हो म्हणाला की त्यांच्याच सेक्रेटरीला विचारायचं की आजूबाजूला गाडीने जाता येईल असे अजून कुठले क्लब आहेत, मग तिकिटाचा खर्च सगळ्यांत वाटला जातो, आणि राहायला बहुतेक वेळा कुणा मेंबरचं घरच मिळतं. मेल छोटा ठेवा: कामाचे चार-पाच चांगले फोटो, डेमोचे दोन-तीन विषय, प्रत्येकाला किती वेळ लागतो आणि तुमची फी. फी सांगायला लाजू नका, ते लोक उघड बोलतात.

विषय निवडताना माझं ठाम मत आहे की बाऊल कसा करायचा हे शिकवायला आपण जाऊ नये, ते त्यांच्याकडे उत्तम शिकवणारे भरपूर आहेत. आपल्याकडे जे आहे ते न्या. सावंतवाडीचं लाखकाम घ्या. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेनेच लाख वितळून लाकडाला धरते, आधी पट्टे पट्टे दिसतात, मग ती सारखी पसरवायची आणि शेवटी केवड्याचं पान दाबून धरलं की त्या मळकट थरातून एकदम काचेसारखी चमक वर येते. ब्रश नाही, वाळायची वाट बघणं नाही. मागच्या रांगेतले लोक इथे उठून पुढे येतात. फक्त लाकूड कोरडं आणि घट्ट पोताचं मागवून ठेवा, ओल्या लाकडावर लाख नीट धरत नाही. आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला जाताना केवड्याचं पान घरीच ठेवा, तिथे वनस्पतीचं काहीही विमानतळावर डिक्लेअर करावं लागतं आणि बहुतेक वेळा ते टाकूनच द्यावं लागतं. तिथे जाड घडी केलेल्या पेपर टॉवेलवर भागवायचं. फडकं अजिबात नको, फिरत्या कामात फडकं अडकलं तर बोट आत ओढलं जातं, म्हणून चांगले क्लब ते लेथजवळ येऊच देत नाहीत.

आता लेथ. तुमचा लेथ तुमच्याबरोबर येणार नाहीये, त्यामुळे ज्या मशीनवर उभं राहायचंय तिची चौकशी निघायच्या आधी करा. सगळ्यात महत्त्वाचा स्पिंडलचा, म्हणजे लेथच्या फिरणाऱ्या दांड्याचा आटा. अमेरिकेत छोट्या-मध्यम लेथवर बहुधा १ इंच ८ थ्रेड (जाडी १ इंच, इंचाला ८ आटे), मोठ्यांवर सव्वा इंच ८ थ्रेड, ब्रिटन-युरोपात मोठ्या मशीनवर एम ३३ बाय ३.५ (मिलिमीटरमध्ये जाडी आणि दोन आट्यांमधलं अंतर), ऑस्ट्रेलियाकडे ३० बाय ३.५. तुमचा चक (स्पिंडलवर बसून लाकूड पकडणारा भाग) इन्सर्टवाला, म्हणजे आट्याचा तुकडा बदलता येणारा असेल तर त्या देशाचा इन्सर्ट घेऊन जा, नसेल तर चक नेऊच नका आणि त्यांच्याकडे कोणता आहे, त्याचे जॉज (पकडणारे जबडे) केवढे आहेत ते विचारा. मोर्स टेपर, म्हणजे सेंटर बसवायचं निमुळतं भोक, बहुतेक ठिकाणी २ नंबरचाच असतो, तरी विचारा. लेथच्या सेंटरची, म्हणजे लाकूड ज्या रेषेभोवती फिरतं तिची, उंची जमिनीपासून किती तेही विचारा, ती साधारण कोपराच्या उंचीला यायला हवी, तिथली उंच माणसं लेथ ठोकळ्यांवर चढवून ठेवतात आणि आपल्याला पायाखाली फळी घ्यावी लागते. आपलं ग्राइंडर नेण्यात अर्थ नाही, अमेरिकेत १२० व्होल्ट ६० हर्ट्झ आहे. त्यांच्या ग्राइंडरवर त्यांचा जिग (धार लावताना हत्यार एका कोनात धरणारा साचा) असतो, त्या जिगवर तुमच्या गाउजचा (खोलगट छिनीचा) अँगल कसा बसवायचा हे पोचल्या दिवशी संध्याकाळी बघून घ्या, डेमोच्या सकाळी नाही.

हत्यारं मोजकीच न्या. एक बाऊल गाउज, एक स्पिंडल गाउज, स्क्यू (तिरक्या धारेची छिनी), पार्टिंग टूल (कापून वेगळं करायचं हत्यार), मुठी सुटणाऱ्या असतील तर उत्तम. सगळं चेक-इन बॅगेत, धारेवर जाड टोपणं घालून, कारण केबिनमध्ये छिनी चालत नाही. थिनर, स्पिरिट, ज्वालाग्राही पॉलिश कुठल्याच बॅगेत चालत नाही, ते तिथे घ्या. लाखेच्या कांड्या मात्र नेता येतात.

डेमोचं लाकूड तिथलंच मागवायचं, मेपल, चेरी, अॅश, सिकमोर, जे मिळेल ते. मेलमध्ये चित्र काढून पाठवा: माप, ओलं की सुकं, आणि लाकडाच्या धाग्यांच्या रेषा कुठल्या दिशेला. रेषांचं चित्र नसेल तर हमखास उलटं कापलेलं ठोकळं समोर येतं.

प्रदर्शनाचं काम मात्र इथूनच न्यावं लागतं, आणि इथे लाकडाची जात बघून मग काम करा. शिसवी सुंदर आहे पण ती ज्या डालबर्जिया वंशातली आहे त्यातली सगळी झाडं २ जानेवारी २०१७ पासून सायटीसच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहेत, त्यामुळे विकायला नेताना कागद लागू शकतात, हस्तकलेसाठी इपीसीएच (हस्तकला निर्यात परिषद) वृक्ष सर्टिफिकेट देतं. रक्तचंदनाच्या नादी लागू नका. आंबा, फणस, बाभूळ यांत काही अडत नाही, फक्त प्रत्येक वस्तूच्या मागे शास्त्रीय नाव लिहा, साल आणि किडीची भोकं असलेली वस्तू नेऊ नका. पॅकिंगला साधी लाकडी पेटी वापरली तर आयएसपीएम १५ चा (लाकडी पॅकिंगमधून कीड पसरू नये म्हणूनचा आंतरराष्ट्रीय नियम) शिक्का लागतो, म्हणजे लाकूड आतपर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं हवं. प्लायवूड किंवा पुठ्ठ्याची पेटी केली की ही कटकटच नाही. सगळं परत आणायचं असेल तर एटीए कार्नेट (माल तात्पुरता नेऊन परत आणायचा कस्टमचा कागद) काढा, आपल्याकडे फिक्की ही उद्योगांची संघटना देते, एक वर्ष चालतं, पण त्यावर नेलेलं विकून मोकळं होता येत नाही, म्हणून विकायचा माल वेगळा दाखवा.

आणि तडा. कोकणातल्या दमट हवेत केलेलं भांडं अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या हिवाळ्यात हीटर लावलेल्या हॉलमध्ये ठेवलं की लाकूड पाणी सोडतं, आकसतं आणि कडेपासून फुटतं, तेही उद्घाटनाच्या दिवशी. म्हणून ओलं असताना भिंत व्यासाच्या दहाव्या भागाएवढी जाड ठेवून कातायचं, १० इंची भांड्याला १ इंच, महिनोन्महिने सुकू द्यायचं, वजन घटायचं थांबलं की पुन्हा कातून पातळ करायचं. झाकणाच्या डब्या असतील तर झाकण जरा सैलच ठेवा, तिथे पोचेपर्यंत गोल भाग थोडा लंबगोल होतो. गॅलरी विक्रीतले ४० ते ५० टक्के ठेवते, किंमत तो हिशोब धरूनच लावा.

व्हिसाचं टाळू नका. अमेरिकेच्या टुरिस्ट व्हिसावर पैसे घेऊन शिकवता येत नाही. पारंपरिक कला सादर करायला किंवा शिकवायला येणाऱ्यांसाठी पी-३ प्रकार आहे, त्याचा अर्ज तिथल्या संस्थेने करायचा असतो, त्यामुळे खूप आधी बोलायला लागा. ब्रिटनमध्ये व्हिजिटर व्हिसावर आधी ठरलेलं, निमंत्रणाचं पेड काम पहिल्या ३० दिवसांत करता येतं, पण ठराविक प्रकारांपुरतं. नियम बदलतात, दूतावासाच्या साइटवर स्वतः वाचा, एजंटच्या सांगण्यावर जाऊ नका.

क्लासमध्ये इंग्रजी तोडकंमोडकं असलं तरी चालतं, बोलायचं असेल तेव्हा मात्र लेथ बंद करा. कातताना बोललेलं मागच्या माणसाला ऐकूच जात नाही. फेस शील्ड घालूनच मशीन सुरू करा, आणि लाकूड फुटलं तर ज्या रेषेत उडेल तिथे कुणाला उभं राहू देऊ नका. विद्यार्थ्याचा हात धरायच्या आधी विचारा, आपल्याकडे गुरू सरळ मनगट धरतो, तिकडे ते सगळ्यांना आवडत नाही. डावखुरा कुणी असेल तर त्याला समोरच्या बाजूने दाखवा, म्हणजे त्याला आरशात बघितल्यासारखं दिसतं. डेमोतली वस्तू निघताना क्लबच्या लिलावाला देऊन या, तिच्या तळाशी नाव, गाव आणि फोन नंबर लिहून.