निळा पडदा पुन्हा पुन्हा येतोय? फॉरमॅटची घाई नको

लॅपटॉप निळा पडून आपोआप रीस्टार्ट होतोय म्हणून बेळगावला नेऊन लगेच फॉरमॅट करून घेऊ नका. दोष हार्डवेअरचा असेल तर फॉरमॅटनंतरही तो राहतोच, जातो तो फक्त तुमचा डेटा. पडद्यावरच्या ‘स्टॉप कोड’चा (बिघाडाचं कारण सुचवणाऱ्या नावाचा) मोबाइलवर फोटो काढा. (विंडोज ११ मध्ये २०२५ पासून हा पडदा काळा आहे.) फोटो निसटला, तर स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप करा. लाल फुलीच्या (म्हणजे बिघाडाच्या) तारखेला किंवा आदल्या दिवशी कुठला ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) बसला, ते तिथे दिसतं. तसं आढळलं, तर डिव्हाइस मॅनेजरमधून तो ‘रोल बॅक’ करा, म्हणजे आधीच्या आवृत्तीवर न्या.

कोडमध्ये ‘मेमरी मॅनेजमेंट’ असेल, तर ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ चालवून रॅम (लॅपटॉपची तात्पुरती मेमरी) तपासा. खानापूर-जांबोटीकडे पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी धरते. तिथे रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसला असू शकतो. चार्जर काढून, बॅटरीची जोडणी सोडवून त्या पट्ट्या मऊ खोडरबरानं हलक्या हातानं पुसा आणि रॅम ‘टक्’ आवाज येईपर्यंत नीट बसवा. सवय नसेल तर हे काम दुकानात, पण आपल्या डोळ्यांसमोर करून घ्या. त्याआधी मुलांचे दाखले, शेताचे उतारे पेनड्राइव्हवर काढून ठेवा.