एक्झोराची पाने पिवळी पडतात? या चुका टाळा

कोकण-गोव्याच्या जांभ्या जमिनीत फारशी देखभाल नसतानाही लाल गुच्छांनी लगडणारी एक्झोरा, म्हणजेच आपली पेंटगूळ, पुण्या-सोलापूरकडच्या बागेत आणली की अनेकदा हळूहळू पिवळी पडते आणि मग तिच्यावर खतांचा मारा सुरू होतो. खत देण्याआधी पाने पाहावीत. शेंड्याची कोवळी पाने पिवळी, पण त्यांच्या शिरा हिरव्या दिसत असतील, तर ती लोहाची कमतरता समजावी. खालची जुनी पाने आधी पिवळी होत असतील, तर नत्राची उणीव किंवा मुळाशी साचणारे पाणी तपासावे.

लोह मातीत बहुधा असतेच, परंतु चुनखडीच्या जमिनीत सामू (मातीची आम्लता मोजणारा pH) 7.5 च्या वर गेला की मुळांना ते घेता येत नाही. या झुडपाला 5 ते 6 सामूची आम्लधर्मी माती मानवते. म्हणूनच चुलीतली राख, अंड्याची टरफले किंवा चुन्याची निवळी इतर झाडांना चालत असली, तरी पेंटगुळीला ती कधीही घालू नये. नव्या घराच्या भिंतीला लागून रोप लावणे ही तर माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण तिथल्या मातीत गिलाव्याचे तुकडे आणि सिमेंट गाडलेले असते व त्यातला चुना वर्षानुवर्षे झिरपत राहतो. बोअरच्या जड पाण्यानेही हेच घडते. शक्य तिथे साठवलेले पावसाचे पाणी द्यावे.

तात्पुरता उपाय म्हणून लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 1 ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून उन्हे उतरल्यावर पानांवर फवारावे; फरशीवर मात्र त्याचे तांबूस डाग पडतात. मातीतून द्यायचे असल्यास ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेले लोह) घ्यावे, कारण त्याचाच स्वस्त ईडीटीए प्रकार चुनखडीत टिकत नाही. जमीन फारच चुनखडीची असेल, तर कोकोपीट आणि कुजलेले शेणखत मिसळलेल्या मोठ्या कुंडीतच रोप वाढवावे.

पाने हिरवी असूनही फुले येत नसतील, तर दोष बहुधा कात्रीचा किंवा सावलीचा असतो. गुच्छ फांदीच्या टोकाला येतात, त्यामुळे कुंपण सतत कातरले की कळ्याच छाटल्या जातात. छाटणी बहर ओसरल्यावर करावी.