दंडाची नोटीस आली? आधी कलम वाचा

कंपनीचं वार्षिक विवरणपत्र किंवा ताळेबंद भरायचा राहिला, नोटीस आली, की अनेक संचालक दंड भरायच्याच तयारीला लागतात. बऱ्याचदा गरज नसते.

१. नोटिशीत कंपनी कायदा २०१३ चं कलम ९२(४), १३७(१) किंवा १३७(२) आहे का पाहा.

२. असेल तर ३० दिवसांत वार्षिक विवरणपत्राचा फॉर्म एमजीटी-७ (छोट्या कंपनीला ७ए) किंवा ताळेबंदाचा फॉर्म एओसी-४ भरून टाका. दिवस नोटीस निघाल्याच्या तारखेपासून मोजा, हातात पडल्यापासून नाही. इथेच घात होतो.

३. फॉर्म भरल्याचं चलन (पावती) जोडून, कलम ४५४(३) च्या परंतुकाचा (कलमातल्या अपवादाच्या तरतुदीचा) स्पष्ट उल्लेख करून उत्तर द्या. दंड लागत नाही, कारवाई संपते.

रोजचं १०० रुपये विलंब शुल्क मात्र भरावंच लागतं, आणि इतर कलमांना ही सवलत नाही.